नवा प्रोसेसर येणार केव्हा? घोषणांच्या तारखा आणि ग्राहकाची प्रतीक्षा

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत आहे. आय.एन.ए.चा बाजार आणि दिल्ली हाट पायी जाण्याच्या अंतरावर, सरोजिनी नगरचा बाजार शेजारीच. झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत घरी संगणक घ्यावयाचा ठरला की पावले बहुधा नेहरू प्लेसकडे वळतात. तेथे दुकानदार भाव सांगण्यापूर्वीच एक प्रश्न पुढे येतो. आज समोर असलेला संगणक घ्यावा, की पुढच्या पिढीचा प्रोसेसर येईपर्यंत थांबावे? नवा प्रोसेसर 'दोन महिन्यांत येतो आहे' असे कोणीतरी सांगितलेले असते आणि त्या दोन महिन्यांच्या भरवशावर खरेदी पुढे ढकलली जाते.

वरवर पाहता हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु नोकरदाराच्या घरात लॅपटॉप ही पाच-सहा वर्षांतून एकदा होणारी खरेदी असते. मुलाचा अभियांत्रिकीचा प्रवेश झालेला असतो आणि महाविद्यालय काही नव्या प्रोसेसरसाठी थांबत नाही. कार्यालयांची स्थितीही निराळी नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्च रोजी संपते, मंजूर निधी त्यापूर्वी खर्ची पडावा लागतो आणि निविदेत तर प्रोसेसरची पिढी स्पष्टपणे नमूद करावी लागते. 'अमुक पिढीचा किंवा त्यानंतरचा' या चार शब्दांवर शेकडो संगणकांची खरेदी अवलंबून असते.

नव्या प्रोसेसरच्या आगमनाविषयीचे अंदाज कसे बांधले जातात आणि ते वारंवार का फसतात, याचा मागोवा घेतला असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. जो प्रोसेसर प्रत्यक्ष हातात आला आहे, त्यावर आखलेली योजना बहुधा वेळेवर पार पडते. जो अद्याप कागदावर आहे, त्याच्या भरवशावर आखलेली योजना रखडते. हा अनुभव भारताला फार पूर्वी आला असून त्याचा एक धागा लक्ष्मीबाई नगरपासून जवळच असलेल्या लोधी मार्गावरून निघून पुण्यापर्यंत पोहोचतो.

लोधी मार्ग ते पुणे

१९८०च्या दशकाच्या अखेरीस लोधी मार्गावरील मौसम भवनात अमेरिकेहून आलेला क्रे एक्सएमपी-१४ हा महासंगणक बसविण्यात आला. राष्ट्रीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रासाठी तो घेण्यात आला होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मात्र त्याहून शक्तिशाली यंत्र देण्यास अमेरिकेने मान्यता दिली नाही. या नकारानंतर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्याकडे त्याचे नेतृत्व सोपविण्यात आले आणि महासंगणक उभारण्यासाठी तीन वर्षांची मुदत ठरविण्यात आली. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. सरकारी प्रकल्पाने मुदत पाळल्याचे हे उदाहरण अजूनही आवर्जून सांगितले जाते.

मुदत पाळली गेली यामागे परिश्रमांचा वाटा मोठा होताच. त्याबरोबरच एक निर्णयही होता, ज्याची चर्चा तुलनेने कमी होते. सी-डॅकने त्या वेळी स्वतःचा प्रोसेसर घडविण्याचा मार्ग न धरता, ब्रिटनमधील इनमॉस या कंपनीचे ट्रान्सप्युटर जातीचे प्रोसेसर मोठ्या संख्येने एकमेकांना जोडण्याचा मार्ग स्वीकारला. टी-८०० हा ट्रान्सप्युटर १९८७ मध्येच आला होता. तो विकत मिळत होता, त्याचे गुणदोष ठाऊक झाले होते. पुण्यातील अभियंत्यांना जुळणीची आणि आज्ञावलीची चिंता होती. मूळ चिप केव्हा येईल, ही चिंता नव्हती.

याच घराण्यातील पुढच्या चिपची कहाणी नेमकी उलट आहे. इनमॉसने टी-८००च्या दसपट वेगाचा टी-९००० आणण्याचा संकल्प सोडला आणि १९९१ मध्ये त्याची घोषणाही केली. प्रत्यक्षात ठरलेला वेग गाठता आला नाही, तारखा पुढे जात राहिल्या आणि तोपर्यंत इतर कंपन्यांचे सर्वसाधारण वापराचे प्रोसेसर पुढे निघून गेले. टी-९००० आला तो उशिरा आणि मंद होऊन. ट्रान्सप्युटरचे युग तेथेच मावळले. सी-डॅकच्या 'परम ९०००'ची रचना मात्र नवा प्रोसेसर आला की तो सामावून घेता यावा अशी, सुट्या भागांच्या जुळणीची होती. तो यंत्रसंच सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि अल्फा अशा निरनिराळ्या प्रोसेसरांवर उभारता येत असे. एकाच कंपनीच्या एका तारखेवर सारे काही टांगून ठेवायचे नाही, ही दूरदृष्टी त्या रचनेत दिसते.

अमेरिकेसारख्या देशालाही ही दक्षता नेहमी घेता आली नाही. तेथील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचा 'ऑरोरा' हा महासंगणक २०१५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा तो २०१८ मध्ये कार्यान्वित होईल असे सांगण्यात आले होते. ज्या इंटेल प्रोसेसरवर तो उभारावयाचा होता, तो प्रोसेसरच २०१७ मध्ये रद्द झाला. नवा आराखडा आखला गेला, २०२१ हे वर्ष ठरले, नव्या चिपही लांबल्या आणि यंत्राची जुळणी अखेर जून २०२३ मध्ये पूर्ण झाली.

टेप-आउटपासून दुकानापर्यंत

प्रोसेसरला उशीर का होतो, हे समजण्यासाठी तो कसा तयार होतो हे थोडे विस्ताराने पाहावे लागेल. प्रथम रचनाकार त्याची वास्तू ठरवितात. त्यानंतर कोट्यवधी ट्रान्झिस्टरांचा आराखडा संगणकावरच तपासला जातो. या कामास तीन-चार वर्षे लागणे नेहमीचे आहे. आराखडा अंतिम होऊन कारखान्याकडे पाठविला जातो, त्या टप्प्यास 'टेप-आउट' म्हणतात. पूर्वी आराखडा चुंबकीय फितीवर नोंदवून पाठविला जात असे, त्याची ही आठवण. अनेक बातम्यांत टेप-आउट झाले म्हणजे चिप तयार झाली, असा समज करून दिला जातो. वास्तविक तेथे अर्धाच रस्ता संपलेला असतो.

कारखान्यात सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो प्रक्रिया एकामागून एक होतात. आजच्या प्रगत तंत्रात एक चकती आत जाऊन बाहेर येण्यास सुमारे तीन महिने लागतात. हे तीन महिने पैसे ओतून किंवा माणसे वाढवून कमी होत नाहीत, आणि अंदाज बांधणारे नेमके हेच विसरतात. पहिल्या चकतीतून निघालेल्या चिपमध्ये दोष आढळला, तर आराखडा दुरुस्त करून नवी चकती टाकावी लागते आणि पुन्हा तितकाच काळ जातो. 'एक तिमाहीचा विलंब' अशी बातमी येते, तेव्हा पुष्कळदा त्यामागे अशीच एक फेरी असते.

दोष दूर झाल्यावरही प्रश्न उरतो तो उताऱ्याचा. साखर कारखान्यात किती उसातून किती साखर निघाली यावर सारा हिशेब असतो, तसाच येथे एका चकतीतून किती चिप चांगल्या निघाल्या यावर असतो. तीनशे मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर शंभर चौरस मिलिमीटरच्या सहाशेहून अधिक चिप बसतात. त्यांतील बहुतेक चांगल्या निघाल्या तर माल स्वस्त आणि मुबलक होतो. निम्म्याच निघाल्या तर प्रत्येक चिपचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो आणि कंपनी विक्री पुढे ढकलणे पसंत करते. चिप जितकी मोठी, तितका दोषाचा धोकाही अधिक. उताऱ्याचे आकडे कंपन्या सहसा उघड करीत नाहीत. त्यामुळे बाहेरील मंडळींचे अंदाज ज्या माहितीवर बांधले जायला हवेत, नेमकी तीच माहिती त्यांच्यापाशी नसते.

यानंतर मदरबोर्ड, त्यावरील मूलभूत आज्ञावली, शीतकरण, लॅपटॉप बनविणाऱ्या कंपन्यांच्या चाचण्या हे सारे असतेच. टेप-आउटपासून दुकानात माल येईपर्यंत एक वर्ष लागणे स्वाभाविक मानले जाते. त्याहून अधिक लागले तरी नवल नाही.

चुकलेल्या तारखा

१९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत असल्याचे निरीक्षण नोंदविले. १९७५ मध्ये त्यांनीच हा काळ दोन वर्षांचा केला. पुढे हे निरीक्षण उद्योगाचे वेळापत्रकच होऊन बसले. २००७ पासून इंटेलने एका वर्षी नवी निर्मितीप्रक्रिया आणि पुढच्या वर्षी नवी रचना असा घड्याळासारखा क्रम लावला. काही वर्षे तो पाळलाही गेला. नवा प्रोसेसर केव्हा येणार, याचे उत्तर त्या काळात दिनदर्शिका पाहून देता येत असे. ग्राहकांना आणि पत्रकारांना तीच सवय लागली. सवय टिकली, क्रम मात्र टिकला नाही.

इंटेलची दहा नॅनोमीटर प्रक्रिया २०१६ मध्ये अपेक्षित होती. जुलै २०१५ मध्ये ती २०१७च्या उत्तरार्धात येईल असे सांगण्यात आले. एप्रिल २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावरील उत्पादन २०१९ वर ढकलले गेले. दरम्यान या प्रक्रियेवरील पहिला प्रोसेसर ठरल्याप्रमाणे २०१७ मध्येच 'रवाना' झाल्याचा दावा कंपनीने केला होता. तो २०१८ मध्ये मोजक्या यंत्रांत दिसला आणि सर्वसामान्य ग्राहकापर्यंत ही प्रक्रिया पोहोचली ती २०१९ मध्ये. 'रवाना झाला' आणि 'दुकानात मिळतो' यांत किती अंतर असू शकते, याचा हा नमुना म्हणावा लागेल. पुढे सात नॅनोमीटरबाबतही जुलै २०२० मध्ये विलंब जाहीर झाला. पुढे 'इंटेल ४' असे नाव मिळालेल्या त्या प्रक्रियेवरील 'मीटिऑर लेक' हा प्रोसेसर डिसेंबर २०२३ मध्ये बाजारात आला.

त्याआधीचे एक उदाहरण अधिक बोलके आहे. चार गिगाहर्ट्झ वेगाचा पेंटियम ४ इंटेलने २००४ अखेर देण्याचे आश्वासन दिले होते. ते प्रथम २००५ वर गेले आणि ऑक्टोबर २००४ मध्ये तो प्रोसेसर रद्दच झाला. वेग वाढविताना निर्माण होणारी उष्णता आवरेनाशी झाली होती. त्याच महिन्यात ऑरलँडो येथील एका परिषदेत कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी क्रेग बॅरेट यांनी व्यासपीठावर गुडघे टेकून, विनोदाने का होईना, श्रोत्यांची क्षमा मागितली. जे त्या प्रोसेसरसाठी थांबले होते, त्यांना काय मिळाले हे सांगावयास नको.

प्रतिस्पर्धी एएमडीचा इतिहासही निर्दोष नाही. २००७ मध्ये आलेल्या 'बार्सिलोना' या प्रोसेसरमध्ये दोष आढळल्याने त्याचा पुरवठा २००८ पर्यंत रखडला. २०२४ मध्ये रायझन ९००० मालिकेसाठी ३१ जुलै ही तारीख ठरलेली असताना अवघा आठवडा उरला असता गुणवत्तेच्या कारणास्तव ती ८ आणि १५ ऑगस्टवर नेण्यात आली. दोन आठवड्यांचा हा विलंब त्रासदायक नव्हता. परंतु माल दुकानदारांकडे पोहोचू लागल्यानंतरही तारीख बदलू शकते, हे त्यातून दिसले.

मग कंपन्या इतक्या आधी घोषणा करतात तरी कशाला? कारण 'आमचा येत आहे, थांबा' असे सांगितल्याने ग्राहक प्रतिस्पर्ध्याकडे जात नाही. भांडवल बाजारालाही धीर मिळतो. याची दुसरी बाजू अशी की, नव्याची घोषणा फार लवकर केल्यास जुन्याची विक्री थांबते. १९८३ मध्ये दिवाळखोरीत निघालेल्या अमेरिकेतील ऑस्बोर्न या संगणक कंपनीविषयी हेच कारण सांगितले जाते, जरी त्याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणूनच कंपन्यांची भाषा सावध असते. 'वर्षाच्या उत्तरार्धात' असे म्हटले असता ग्राहक जुलै समजतो, कंपनीच्या लेखी ३१ डिसेंबरही उत्तरार्धच असतो.

अशा वेळी वाचण्याजोग्या खुणा थोड्याच उरतात. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीत नव्या प्रोसेसरसाठीचे बदल कित्येक महिने आधी उघडपणे दाखल होतात. जानेवारीत लास व्हेगास येथे आणि मे-जूनच्या सुमारास तैपेई येथे भरणाऱ्या प्रदर्शनांत लॅपटॉप कंपन्या प्रत्यक्ष यंत्रे मांडतात. इतर कंपन्यांनी आपल्या यंत्रात तो प्रोसेसर बसवून किंमत जाहीर केली, तर तारीख बहुधा विश्वासार्ह समजावी. केवळ पडद्यावरील आलेख दाखविले गेले असतील तर समजू नये.

नेहरू प्लेसमधील हिशेब

जागतिक घोषणेनंतर माल दिल्लीत येण्यास आणखी काळ जातो आणि प्रारंभीची किंमत चढी असते. शिवाय येथील निर्णयही आड येऊ शकतात. ३ ऑगस्ट २०२३ रोजी परदेशी व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप आणि संगणकांच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले. दुसऱ्याच दिवशी त्याची अंमलबजावणी ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलण्यात आली आणि नंतर तुलनेने सौम्य अशी नोंदणीची पद्धत आली. त्या दिवसांत खरेदीच्या विचारात असलेल्यांना प्रोसेसरच्या पिढीपेक्षा दुकानातील साठ्याची काळजी अधिक होती.

थांबण्याचाही खर्च असतो. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या मागणीमुळे मेमरीच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या. नव्या प्रोसेसरची वाट पाहत थांबलेल्या ग्राहकाला तो प्रोसेसर वेळेवर मिळाला असता तरी संगणक महागच पडला असता, कारण भाव वाढला तो दुसऱ्याच भागाचा.

मात्र थांबणे नेहमीच चुकते, असेही म्हणता येणार नाही. २०१७च्या उन्हाळ्यात इंटेलच्या सातव्या पिढीचा संगणक घेणाऱ्याने काही महिने धीर धरला असता, तर त्याला त्याच वर्षी आलेली आठवी पिढी मिळाली असती. चार वर्षांनी, जून २०२१ मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी इंटेलचे साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर चालतील असे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. सुस्थितीतील अनेक संगणक त्या एका रेषेच्या अलीकडे राहिले. २०१७ मध्ये ही रेषा तेथे आखली जाईल, हे कोणालाही सांगता आले नसते. त्यामुळे ज्यांना लाभ झाला त्यांचा तो अंदाज नव्हता, योगायोग होता.

सर्वसाधारण घरासाठी हिशेब त्या मानाने सोपा आहे. काम अडले असेल तर उपलब्ध असलेला संगणक घ्यावा. नव्या पिढीची किंमत आणि विक्रीची तारीख दोन्ही जाहीर झाल्या असतील आणि काम अडलेले नसेल, तर काही आठवडे थांबण्यास हरकत नसावी. नव्याच्या आगमनाने जुन्याचा भाव उतरण्याचीही शक्यता असते. केवळ वर्ष जाहीर झाले असेल, तर त्यासाठी थांबणे म्हणजे पाऊस पडेल या आशेवर पेरणीआधीच धान्याचा सौदा करण्यासारखे आहे.

देशी प्रोसेसरची वाटचाल

लक्ष्मीबाई नगरपासून काही मिनिटांच्या अंतरावर, लोधी मार्गावरील सीजीओ संकुलात इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे इलेक्ट्रॉनिक्स निकेतन आहे. या मंत्रालयाने एप्रिल २०२२ मध्ये रिस्क-५ या खुल्या आराखड्यावर आधारित देशी प्रोसेसरांचा कार्यक्रम जाहीर केला. चेन्नईच्या आयआयटीचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे त्याचे दोन आधारस्तंभ. डिसेंबर २०२३ पर्यंत उद्योगात वापरण्याजोगी चिप तयार व्हावी, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते.

या मार्गावर प्रगती झालीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. 'वेगा' मालिकेतील तेजस-३२ मलेशियातील कारखान्यात, तर तेजस-६४ मोहाली येथील सेमिकंडक्टर प्रयोगशाळेत घडविण्यात आला. डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकने ध्रुव-६४ हा दोन कोअरचा, एक गिगाहर्ट्झ वेगाचा ६४ बिट प्रोसेसर जाहीर केला. त्यानंतरच्या 'धनुष' आणि 'धनुष प्लस' यांचे काम चालू असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. तथापि नेहरू प्लेसमधील लॅपटॉपच्या प्रोसेसरशी यांची तुलना करणे योग्य नाही. ही चिप दूरसंचार, उद्योग, वाहने यांतील उपकरणांसाठी आहे.

मोहालीच्या याच कारखान्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. १९८०च्या दशकात तेथे उत्पादन सुरू झाले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये आगीत कारखान्याची मोठी हानी झाली. पुन्हा उभे राहण्यात वर्षे गेली आणि तोपर्यंत जग कित्येक पिढ्या पुढे गेले. आज तेथे १८० नॅनोमीटरची प्रक्रिया आहे. संगणकाच्या बाजारात ती कालबाह्य ठरते, पण अवकाशातील कामासाठी पुरेशी आहे. इस्रोचा 'विक्रम ३२०१' हा ३२ बिटचा प्रोसेसर तेथेच घडला. त्याच्या बाबतीत क्रम मात्र वाखाणण्याजोगा होता. आधीचा १६ बिटचा 'विक्रम १६०१' २००९ पासून प्रक्षेपकांत वापरात होता. नव्याची चाचणी डिसेंबर २०२४ मधील पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत अवकाशात झाली आणि त्यानंतर, मार्च २०२५ मध्ये, तो समारंभपूर्वक इस्रोकडे सुपूर्द करण्यात आला. आधी उड्डाण, मग समारंभ.

सी-डॅकचा 'ओम' हा महासंगणकासाठीचा प्रोसेसर याहून कितीतरी महत्त्वाकांक्षी आहे. आर्मच्या रचनेवर आधारित ९६ कोअर आणि तैवानमधील पाच नॅनोमीटर प्रक्रिया, असा त्याचा तपशील २०२३ मध्ये पुढे आला. त्याच्या प्रत्यक्ष आराखड्याच्या कामासाठी मॉसचिप आणि सोशियोनेक्स्ट या कंपन्यांशी सहकार्य जाहीर झाले ते २०२४ मध्ये. वर सांगितलेले टप्पे ध्यानात घेतले असता, चिपच्या वाटचालीतील हे स्थान टेप-आउटच्याही अलीकडचे होते, हे सहज कळून येते.

दरम्यान सी-डॅकने महासंगणक उभारणे थांबविलेले नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी 'परम रुद्र' मालिकेतील तीन महासंगणक राष्ट्रार्पण झाले. एक पुण्याजवळील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण प्रकल्पासाठी, एक कोलकात्यातील सत्येंद्रनाथ बोस केंद्रासाठी आणि एक दिल्लीतील आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रासाठी. त्यांतील 'रुद्र' सर्व्हरची रचना भारतीय असून त्यात बसविलेले प्रोसेसर इंटेलच्या झिऑन मालिकेतील, २०१९ मध्ये बाजारात आलेल्या पिढीचे आहेत.